राजीनाम्यावर सही करण्याआधी



या सदरात पऱ्हे, रोवणी, तुडतुडे आणि खताच्या मात्रा यांवर लिहायचे, ही माझी नेहमीची रीत. आजचा विषय त्यापेक्षा वेगळा वाटेल, पण तो तुमच्याच ओसरीवरचा आहे. अड्याळ, चिचाळ, कोंढा या आपल्या पट्ट्यात आता असे घर शोधून काढावे लागते की ज्या घरातला एकही माणूस पगारावर नाही. कुणाचा मुलगा बुटीबोरीला आहे, कुणाचा हिंगण्याच्या कारखान्यात, कुणाचा पुण्याकडे. कुणाची सून जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. दोन-चार एकर धानाची बांधी आणि एक पगार, अशा दोन बैलांवर आपल्या घराची गाडी चालते.

त्यातला पगाराचा बैल आजारी पडला म्हणजे काय होते ते आपण पाहतोच. मुलाला दोन महिने खोकला असतो, वजन उतरते, मग एक दिवस थुंकी तपासली जाते आणि क्षय निघतो. किंवा किडनीचे दुखणे निघते, लकवा मारतो, कॅन्सरची गाठ सापडते. महिनाभर सुट्टी होते. मग कारखान्यातला बाबू किंवा ठेकेदार म्हणतो, "असे किती दिवस चालायचे? राजीनामा दे आणि हिशेब घेऊन जा." आणि घरी आई म्हणते, "सोड ना बापा ते नोकरी. घरी वावर हाय ना आपलं." दोन्हीकडून एकच सल्ला मिळतो आणि मुलगा सही करून मोकळा होतो.

आईच्या बोलण्यात माया आहे, याबद्दल शंका नाही. पण हिशेब चुकतो आहे. शेतकरी आजारी पडला तर त्याला आजारपणाचा पगार कोण देतो? कुणीही नाही. रोवणीच्या दिवसांत धनी अंथरुणावर पडला तर मजूर लावावे लागतात आणि वर दवाखान्याचा खर्च येतो. सरकारची शेतकऱ्यांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची योजना आहे, तीही अपघातासाठी आहे, दुखण्यासाठी नाही. म्हणजे आजारपणात घरी पैसा येण्याची सोय तुमच्या घरात असली तर ती त्या पोराच्या नोकरीतच आहे. आणि ज्या दिवशी तिची गरज लागते त्याच दिवशी आपण ती आपल्या हाताने सोडून देतो.

आता ही सोय काय आहे ते पाहू. कारखान्यात किंवा मोठ्या दुकानात, संस्थेत काम करणाऱ्या आणि महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या कामगाराला राज्य कामगार विमा योजना लागू होते. ही मर्यादा २०१७ सालापासूनची आहे. मुलाच्या पगाराच्या चिठ्ठीवर 'ईएसआय' अशी तीन अक्षरे आणि पुढे एक छोटी रक्कम कापलेली दिसते, तीच ही. कामगाराचे शेकडा पाऊण रुपया कापतात आणि मालक शेकडा सव्वातीन रुपये घालतो. १५,००० पगार असेल तर मुलाचे ११२ रुपये ५० पैसे जातात आणि मालकाचे ४८७ रुपये ५० पैसे. पोरे कुरकुर करतात की हे कशाला कापता. पण महिन्याच्या या सव्वाशे रुपयांच्या आतल्या रकमेत काय काय मिळते ते फार थोड्यांना ठाऊक असते.

या योजनेचा इतिहास आपल्या जिल्ह्याला थोडा जवळचा आहे, म्हणून दोन ओळी सांगतो. १९४२ ते १९४६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद होते. त्यांच्या त्या काळातच प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे कामगारांच्या आजारपणाच्या विम्याचा आराखडा करण्याचे काम देण्यात आले आणि १९४४ साली त्यांचा अहवाल आला. त्यावरून १९४८ चा कायदा झाला आणि १९५२ साली कानपूर व दिल्ली येथे योजना सुरू झाली. नागपुरात ती १९५४ साली आली. त्याच वर्षी बाबासाहेबांनी आपल्या भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढवली होती. जुनी माणसे ती निवडणूक अजून आठवतात. १९४८ चा तो कायदा आता सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० या नव्या कायद्यात सामावला गेला आहे. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. कायद्याचे नाव बदलले तरी विम्याचे काम पाहणारे महामंडळ तेच आहे.

कामगार विम्यात आजारपणाचा भत्ता दोन प्रकारचा असतो. पहिला साधा. ज्या सहामाहीत कामगाराची निदान ७८ दिवसांची वर्गणी भरली गेली असेल, त्या सहामाहीच्या हिशेबाने पुढे त्याला हक्क मिळतो. एप्रिल ते सप्टेंबरची वर्गणी पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये कामाला येते, आणि ऑक्टोबर ते मार्चची वर्गणी जुलै ते डिसेंबरमध्ये. आपल्या खरीप-रब्बीसारखेच हे आहे, पेरतो एका हंगामात आणि घरात येते दुसऱ्या हंगामात. या भत्त्यात वेतनाच्या शेकडा ७० इतकी रक्कम मिळते आणि ती वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळते. सुरुवातीचे दोन दिवस धरत नाहीत.

दुसरा भत्ता लांबलेल्या दुखण्याचा, आणि आजचा मुख्य मुद्दा हाच आहे. क्षयरोग, कुष्ठरोग, कॅन्सर, अर्धांगवायू, किडनी निकामी होणे, काही मानसिक आजार अशा ३४ दीर्घ आजारांची एक यादी आहे. त्यातले दुखणे असेल, कामगाराची सलग दोन वर्षे नोकरी झाली असेल आणि मागच्या चार सहामाहींत मिळून १५६ दिवसांची वर्गणी असेल, तर ९१ दिवस संपल्यावर पुढे शेकडा ८० दराने भत्ता चालू राहतो. हा आधी ३०९ दिवस मिळतो आणि वैद्यकीय मंडळाने गरज मानली तर दोन वर्षांपर्यंत वाढतो.

मी कृषी खात्यातला माणूस असल्याने मला हिशेब धानात केल्याशिवाय चैन पडत नाही. महिना १५,००० वेतन, म्हणजे दिवसाला ५०० रुपये धरू. पहिले ९१ दिवस ३५० रुपयांप्रमाणे ३१,८५० रुपये होतात. पुढचे ३०९ दिवस ४०० रुपयांप्रमाणे १,२३,६०० रुपये होतात. एकूण ४०० दिवसांचे १,५५,४५० रुपये. २०२५-२६ च्या हंगामात साध्या धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये होता. त्या भावाने ही रक्कम ६५ क्विंटलांहून अधिक धानाची होते. एकरी पंधरा क्विंटल पिकले असे धरले तरी चार एकरांहून जास्त जमिनीचे सगळे पीक झाले. आणि त्यातून बियाणे, खत, रोवणी, कापणी, चुरणे यांचा खर्च वजा करायचा नाही. हे पीक घेण्यासाठी आजारी मुलाला काय करावे लागते? विश्रांती, औषध आणि वेळेवर दाखला. एवढेच.

राजीनामा दिला की वर्गणी थांबते. वर्गणी थांबली की पुढच्या हंगामातला हक्क तयारच होत नाही. त्या कार्डावर पत्नी-मुलांना आणि मुलावर अवलंबून असलेल्या म्हाताऱ्या आई-वडिलांनाही औषधोपचार मिळत असतो, त्यालाही घरघर लागते. सही एकाची होते आणि झळ अख्ख्या घराला लागते.

आणखी एक गोष्ट बाबूलोक सांगत नाहीत. कामगार आजारपणाचा भत्ता घेत असताना मालकाला त्याला कामावरून काढता येत नाही, शिक्षा म्हणून खालच्या जागी टाकता येत नाही. १९४८ च्या कायद्यापासून हे संरक्षण चालत आले आहे. म्हणूनच पुष्कळ ठिकाणी काढून टाकण्याचे पत्र न देता राजीनामा मागतात. काढण्याची जबाबदारी मालकावर येते, राजीनाम्याची तुमच्यावर. एवढा फरक ध्यानात आला की समोरच्या गोड बोलण्याचा अर्थ आपोआप कळतो. सगळेच मालक असे करतात असे मी म्हणणार नाही. काही ठिकाणी खरोखरच कुणालाच नियम माहीत नसतो.

ठेकेदाराकडच्या पोरांनी घाबरून जाऊ नये. ठेकेदाराने वर्गणी भरली नाही तर ती भरण्याची जबाबदारी मूळ कारखान्यावर येते. पण आपल्याला विमा क्रमांक मिळाला आहे की नाही, हे धडधाकट असताना पाहून ठेवायचे असते. पिकाचा विमा कीड पडल्यावर काढता येत नाही, तसेच हे आहे. दिवाळीला किंवा मंडईला मुलगा घरी आला की त्याची पगारचिठ्ठी मागून पाहा. वडिलांनी मुलाच्या पगाराची चिठ्ठी पाहणे आपल्याकडे बरे मानत नाहीत, पण आकडा पाहू नका, कापलेली रक्कम पाहा.

कामावर असताना झालेल्या अपघाताची आणि कामामुळे जडलेल्या रोगाची गोष्ट याहून वेगळी आहे. तिथे ७८ दिवसांची अट नाही. तात्पुरत्या अपंगत्वात वेतनाच्या शेकडा ९० दराने भत्ता मिळतो आणि तो माणूस बरा होईपर्यंत चालतो. तुमसर तालुक्यात चिखला, डोंगरी बुजुर्ग येथे मँगनीजच्या खाणी आहेत. १९४८ च्या कायद्यात खाणीला कामगार विमा लागू नव्हता, पण धुळीने फुप्फुस खराब झाले तर १९२३ पासून चालत आलेली नुकसानभरपाईची तरतूद आहे, आणि तीही आता त्याच नव्या संहितेत आहे. दगडाच्या धुळीचा खोकला आणि क्षयाचा खोकला बाहेरून सारखाच दिसतो. म्हणून डॉक्टरला आपण काय काम करतो ते आधी सांगावे.

आता सगळ्यात अवघड मुद्द्यावर येतो. कायद्यापेक्षा तो आपल्या मनात आहे. आपल्याकडे क्षय आणि कुष्ठ ही दुखणी लपवतात. बहिणीचे लग्न ठरायचे असते, गावात बोभाटा नको असतो. मुलगा कारखान्यात सांगतो 'ताप आहे' आणि गाडीत बसून गावी येऊन पडतो. कुठे दाखला नाही, कुठे अर्ज नाही. घरचे लोक वैदूकडे नेतात, मग खासगी दवाखान्यात नेतात. दोन महिने गेल्यावर कारखान्याचे पत्र येते की विनापरवाना गैरहजर आहात. इथे मुलाचा हक्क नियमाने गेलेला नसतो, लाजेने गेलेला असतो. क्षयरोग औषधाने पूर्ण बरा होतो. साध्या क्षयाचे औषध सहा महिन्यांचे असते आणि सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. शिवाय निक्षय पोषण योजनेतून उपचार चालू असेपर्यंत महिना १,००० रुपये रोग्याच्या बँक खात्यात येतात. नोव्हेंबर २०२४ पूर्वी ते ५०० होते. सहा महिन्यांत बऱ्या होणाऱ्या दुखण्यापायी आयुष्याची नोकरी सोडणे म्हणजे करपा दिसला म्हणून बांधीच विकून टाकण्यासारखे आहे.

आणि घरी आणून काय करतो आपण? 'जरा बरे वाटते' म्हणाला की त्याला रोवणीला उतरवतो. क्षयाच्या रोग्याला चिखलात दिवसभर वाकवणे ही विश्रांती नव्हे. आयाबायांनो, हे तुमच्या हातात आहे. त्याला घरी आणा, पोटभर खाऊ घाला, पण बांधीत पाठवू नका आणि नोकरी सोडायला सांगू नका.

कामगार विम्याच्या भत्त्यासाठी दाखला विमा दवाखान्याच्या डॉक्टरचा लागतो. खासगी डॉक्टरचा कागद असेल तर तो जवळ ठेवावा, तो पूरक म्हणून उपयोगी पडू शकतो, पण त्याच्यावर भिस्त ठेवू नये. नागपूरकडच्या पोरांना सोमवारीपेठेतले कामगार विमा रुग्णालय ठाऊक असते. गावी येण्याआधीच विमा दवाखान्यात नाव नोंदवून, दाखला घेऊन, पुढची तारीख विचारून निघावे. तारखेला जाऊन दाखला पुढे वाढवून घ्यावा. मध्ये खंड पडला की पैसा अडतो. आपण बँकेच्या हप्त्याची तारीख पाळतो, तशीच ही पाळायची.

ज्यांचे वेतन २१,००० च्या वर आहे त्यांना हा विमा नाही. मात्र सहामाहीच्या मध्येच पगार वाढून मर्यादा ओलांडली असेल तर त्या सहामाहीच्या अखेरपर्यंत विमा चालू राहतो. मर्यादेबाहेरच्यांनी कंपनीचे रजेचे नियम आणि कंपनीने काढलेला गट विमा पाहावा. मोठ्या दुकानांत व कचेऱ्यांत महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्याप्रमाणे वर्षाला ८ दिवस किरकोळ रजा आणि ४५ दिवसांपर्यंत साठवता येणारी हक्काची रजा मिळते. ती आधी संपवावी. रजा शिल्लक ठेवून राजीनामा देणारे महाभाग मी पाहिले आहेत.

विमा असो वा नसो, भविष्य निर्वाह निधी कापला जात असेल तर तीन गोष्टी ध्यानात ठेवा. आजारपणासाठी या निधीतून आगाऊ रक्कम काढता येते, त्यासाठी नोकरी सोडावी लागत नाही. 'पीएफ काढायचा म्हणून राजीनामा दिला' हे वाक्य मी दरवर्षी ऐकतो, आणि ते ऐकून प्रत्येक वेळी वाईट वाटते. दुसरी गोष्ट निवृत्तिवेतनाची. नोकरीत असताना संपूर्ण व कायमचे अपंगत्व आले, तर दहा वर्षांची अट न लावता मासिक निवृत्तिवेतन मिळू शकते. एका महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी पुरते. मात्र अपंगत्व नोकरीत असताना आलेले असले पाहिजे.

तिसरी गोष्ट लिहिताना हात जड होतो, पण घरच्या कर्त्याने ती जाणून घेतली पाहिजे. निधीबरोबर एक ठेव-संलग्न विमा असतो. सभासद नोकरीत असताना वारला तर त्याच्या वारसाला ७ लाख रुपयांपर्यंत रक्कम मिळते. यासाठी कामगाराकडून वेगळा पैसा कापत नाहीत. ज्याचे दुखणे फार पुढे गेले आहे त्याच्याकडून राजीनामा लिहून घेणे म्हणजे त्याच्या बायको-मुलांच्या तोंडचा हा घास काढून घेणे होय. कुणी घाई करत असेल तर हे आठवा.

उपदानाचेही तसेच आहे, ज्याला आपण ग्रॅच्युइटी म्हणतो. दहा किंवा अधिक माणसे असलेल्या ठिकाणी पाच वर्षे सलग नोकरी झाली की प्रत्येक वर्षाला १५ दिवसांचे वेतन या हिशेबाने ही रक्कम मिळते, आणि त्यासाठी महिना २६ दिवसांचा धरतात. मृत्यूने किंवा आजार-अपघाताच्या अपंगत्वाने नोकरी संपली तर पाच वर्षांची अट राहत नाही. आता चार वर्षे नोकरी झालेला, १५,००० वेतनाचा मुलगा घ्या. लकव्याने त्याला पूर्वीचे काम करणे अशक्य झाले आहे. त्याचे उपदान सुमारे ३४,६०० रुपये होते. पण बाबूने छापील कागद पुढे केला आणि त्यावर 'खासगी कारणास्तव राजीनामा देत आहे' असे असले, की तोच कागद त्याच्याविरुद्ध पुरावा होतो. दोन शब्दांची किंमत ३४ हजार! कितीही घाई असो, कारण खरे लिहा. आजाराचे नाव लिहा आणि दाखला जोडा.

सरकारी नोकरीत मुभा अधिक, म्हणून तिथे चूक झाली तर नुकसानही मोठे होते. ग्रामसेवक, परिचर, आरोग्य सेविका यांना १९८१ च्या रजा नियमांप्रमाणे वर्षाला ३० दिवस अर्जित रजा आणि २० दिवस अर्धवेतनी रजा मिळते. वैद्यकीय दाखल्यावर अर्धवेतनी रजा पूर्ण पगारी करून घेता येते, तिला परिवर्तित रजा म्हणतात, आणि मग खात्यातून दुप्पट दिवस वजा होतात. शिल्लक संपली तर अनर्जित रजा, तीही संपली तर असाधारण रजा. क्षय, कर्करोग, कुष्ठरोग, पक्षाघात यांसाठी निराळ्या सवलती आहेत. हे सगळे संपल्यावरही काम होत नसेल तर रुग्णता निवृत्तिवेतन नावाची वाट आहे. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांसाठीही ३१ मार्च २०२३ च्या शासन निर्णयाने ती खुली झाली आहे. राजीनामा मात्र सगळ्या वाटा बंद करतो, कारण राजीनामा दिला की मागची सगळी नोकरी निवृत्तिवेतनासाठी बाद होते. वीस वर्षे केलेली चाकरी एका सहीने शून्य होते. वीस वर्षे भरलेली असतील तर राजीनाम्याऐवजी स्वेच्छानिवृत्ती मागायची असते. दोन्ही अर्ज दिसायला सारखेच असतात, फळ मात्र वेगळे.

पुष्कळ घरांत असाही समज आहे की आजारी माणसाने राजीनामा दिला तर त्याच्या जागी मुलाला किंवा बायकोला चिकटवतील. राजीनामा दिलेल्याच्या घरात अनुकंपा नियुक्ती मिळत नाही. या समजापायी काय झाले त्याचे एक उदाहरण पंजाबातले आहे, पण ते इथल्या वीज मंडळातल्या कुणाचेही असू शकले असते.

पंजाब राज्य विद्युत मंडळात एक सहायक लाइनमन होता. १९९४ साली त्याची दृष्टी पूर्ण गेली. १९९६ साली त्याने साहेबांना अर्ज केला की मला निवृत्त करावे आणि माझ्या बायकोला नोकरी द्यावी. मंडळाने अर्जाचा पहिला भाग उचलला. १९९७ साली त्याला निवृत्त केले, तेही मागच्या तारखेपासून, आणि बायकोला नोकरी दिली नाही. तो कोर्टात गेला तेव्हा मंडळ म्हणाले, त्यानेच तर लिहून दिले आहे. खालच्या कोर्टांत तो हरला. ४ जानेवारी २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरवला. अपंगांसाठीच्या १९९५ च्या कायद्यात अशी तरतूद होती की नोकरीत असताना अपंगत्व आलेल्याला काढता येणार नाही. जमेल ते दुसरे काम त्याच वेतनावर द्यावे, तसे काम नसेल तर जादा पद निर्माण करून त्यावर ठेवावे. न्यायालयाचे म्हणणे असे की त्या माणसाला हा हक्क माहीतच नव्हता, म्हणून त्याने तसे पत्र लिहिले. हक्क माहीत असलेल्या अधिकाऱ्यांचे काम होते की त्याला ते समजावून सांगावे, त्याच्या अज्ञानाचा फायदा घेऊ नये. तो नोकरीतच होता असे धरून त्याला सगळे लाभ देण्याचा हुकूम झाला. पण अर्ज १९९६ चा आणि निकाल २००८ चा! एका आंधळ्या माणसाने वर्षानुवर्षे कोर्टाची पायरी चढली, ती एका अर्जापायी. तीच तरतूद आता २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे. ती सरकारी, निमसरकारी नोकरीला लागू आहे, खासगी कारखान्याला नाही, हेही लक्षात ठेवा.

मग राजीनामा कधीच देऊ नये का? तसे नाही. रजा संपली, भत्त्याची मुदत संपली, वैद्यकीय मंडळाने काम होणार नाही असे सांगितले, तर नोकरी सोडावीच लागते. पण ती अशी शेवटी सोडायची, आणि आपले येणे किती हे लेखी घेऊन. आजाराच्या पहिल्या महिन्यात राजीनाम्याऐवजी जो कागद पाठवायचा असतो तो रजेचा अर्ज. कुणी लिहून देणारा नसला तर खालील मजकूर साध्या कागदावर उतरवून घ्या.

"प्रति, व्यवस्थापक. मी आपल्या कारखान्यात अमुक तारखेपासून कामावर आहे. माझा विमा क्रमांक अमुक आहे. मला अमुक आजार झाल्याचे डॉक्टरांनी निदान केले असून अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत विश्रांती सांगितली आहे. दाखल्याची नक्कल सोबत जोडली आहे. या काळाची रजा मंजूर करावी. मी नोकरी सोडलेली नाही व बरा होताच कामावर हजर होईन. माझ्या खाती किती रजा शिल्लक आहे ते लेखी कळवावे."

यातले 'मी नोकरी सोडलेली नाही' हे वाक्य गाळू नका. अर्ज हातोहात दिला तर नकलेवर सही-शिक्का आणि तारीख घ्या. गावाहून पाठवायचा असेल तर अड्याळच्या पोस्टातून स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पाठवा. पूर्वीचे रजिस्टर पोस्ट २०२५ साली स्पीड पोस्टातच मिळवून टाकले आहे. पावती सातबाराच्या पिशवीत ठेवा, ती पिशवी घरातून हरवत नाही. दाखला नवा मिळाला की पुन्हा अर्ज, पुन्हा पावती. कोऱ्या कागदावर किंवा न वाचलेल्या छापील कागदावर सही मागितली तर 'घरी दाखवून आणतो' म्हणा. घरी दाखवण्याला कुणी नाही म्हणू शकत नाही.

आता राहिले ते ज्यांनी सही करून टाकली आहे असे. राजीनामा दिला आणि तो अजून मंजूर झाला नाही, किंवा ज्या तारखेपासून नोकरी सोडायची ती तारीख अजून आलेली नाही, तर वेळ गेलेली नाही. 'मी अमुक तारखेचा राजीनामा मागे घेत आहे, मी आजारी असून माझा वैद्यकीय दाखला सोबत आहे' एवढ्या दोन ओळी आजच लिहा आणि उद्या सकाळी पोस्ट उघडताच पाठवा. मंजूर झाला असेल आणि सही दबावाने घेतली असेल, तर नागपूर किंवा भंडाऱ्याच्या कामगार खात्याच्या कचेरीत लेखी तक्रार करा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण जिल्हा न्यायालयाच्या आवारात असते. स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना, अपंगांना, कारखान्यातल्या कामगारांना आणि कमी उत्पन्नाच्या माणसांना तिथे वकील फुकट मिळतो. जाताना पगारचिठ्ठ्या, दाखले, विमा कार्ड आणि राजीनाम्याची नक्कल बरोबर न्या. नक्कल नसेल तर निदान कोणत्या तारखेला, कुणापुढे सही केली ते मुलाकडून आजच लिहून घ्या.